पडद्यामागची बासरी

सरकारने एका वर्षी ‘हस्तव्यवसाय’ या विषयाचं नाव बदलून ‘कार्यानुभव’ केलं. नागपूरच्या आमच्या शाळेत त्याचा परिणाम एवढाच झाला की वेळापत्रकावर नवी चिठ्ठी चिकटली. तास शनिवारचा शेवटचाच राहिला आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशातच राहिली. विषय मी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे मुलांकडून कागदाची फुलं करून घ्यायचो. ती कार्यालयातल्या फुलदाणीत बसत आणि येणारा प्रत्येक साहेब त्यांना “वा!” म्हणून जाई.

त्या फुलांचा मला वीट आला होता, म्हणून सत्तरचं दशक संपता संपता मी सातवीच्या वर्गाला बासऱ्या करायला शिकवायचं ठरवलं. बासरी घाईनं होत नाही. बांबू सावलीत वाळवावा लागतो, अधूनमधून तेलाचा हात द्यावा लागतो. मग तापलेल्या सळईनं भोक पाडायचं, तेही हवं त्याहून लहान. फुंकायचं, पेटीच्या सुराशी ताडून बघायचं, कानशीनं किंचित घासायचं, पुन्हा फुंकायचं. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला भाषणानं पटत नाही. एक बांबू वाया घालवला की पटते.

सुरुवातीला मुलं वैतागली. “सर, अजून किती वाळवाचं? काड्या झाल्या ना याच्या!” दिवाळीनंतर मात्र त्यांचा सूर बदलला. मधल्या सुट्टीत येऊन ती आपापला बांबू नखानं टिचकी मारून ऐकू लागली. एकमेकांना दटावू लागली, “थांब ना बे, कच्चा हाय अजून.” माझ्या नोकरीत मला इतकं समाधान दुसऱ्या कुठल्या वाक्यानं दिलेलं नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. वडील कोराडीच्या वीजकेंद्रात पाळीवर कामाला आणि ही शिक्षणासाठी शहरात मावशीकडे. तिचा बांबू बारीक होता, लवकर वाळला. सगळ्यांच्या आधी तिची सहाही भोकं पाडून झाली. एकच सूर जरा चढा लागायचा, त्याच्याशी ती रोज झटायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाबा येणार, पाळी बदलून येणार, आणि ती त्यांना आपली बासरी ऐकवणार, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या माणसाची मीही वाट बघू लागलो होतो.

संमेलनाचे प्रमुख पाहुणे शिक्षणखात्यातले एक बडे साहेब होते. मुख्याध्यापकांनी आधी कार्यक्रमपत्रिका छापून घेतली, “विद्यार्थ्यांचे स्वनिर्मित बासऱ्यांवर वादन”, आणि मग मला विचारलं की बासऱ्या झाल्या का.

“अजून दोन महिने तरी लागतील,” मी म्हणालो.

“दोन महिने? अहो, बांबूच तर आहे!”

त्या रविवारी त्यांनी शिपायाला सांगून सगळे बांबू कोळशाच्या शेगडीभोवती उभे करून ठेवले. लवकर वाळावेत म्हणून. सोमवारी मी येऊन बघतो तर झाडून सगळे उभे तडकलेले. मुलं एकेक उचलून नखानं टिचकी मारून बघत होती. मुख्याध्यापकांनी निदान केलं, “बांबू हलक्या प्रतीचा होता.”

वाचली ती फक्त त्या मुलीची बासरी. मावशीला दाखवायला म्हणून तिनं ती शनिवारी घरी नेली होती.

मग इतवारीच्या बाजारातून रंगवलेल्या तयार बासऱ्या आल्या. एका बँडपार्टीतला बासरीवालाही ठरला. तो पडद्यामागे बसून वाजवणार आणि मुलांनी रंगमंचावर बासऱ्या ओठांना लावून उभं राहायचं. “फुंकायची मात्र नाही,” मुख्याध्यापकांनी बजावलं. “फुंकलं की गोंधळ होईल.”

“पण माही तर वाजते, सर,” मुलगी म्हणाली.

“बेटा, तुझी रंगवलेली नाही. ओळीत वेगळी दिसेल.”

मी म्हणालो, “पत्रिकेत स्वनिर्मित छापलंय. एक तरी असू द्या.”

“तुम्ही फार ताणता बुवा. पाहुणे काय भोकं मोजायला येतात?”

मी बराच वेळ भांडलो. ते चहा पीत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “झालं?” ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

संमेलनाच्या दिवशी मुलं ओळीत उभी राहिली, पडद्यामागून सुरेख बासरी वाजली, टाळ्या पडल्या. मग साहेबांनी मुलांना तसंच उभं ठेवून भाषण केलं. हस्तकला आणि संगीत यांमुळे बालमनात संयमाचं बीज कसं रुजतं, हे त्यांनी तीनदा घड्याळ बघत सांगितलं. बासऱ्यांचा ओला रंग मुलांच्या ओठांना लागला होता. साहेबांनी एकाची पाठ थोपटली आणि विचारलं, “किती दिवस लागले रे करायला?” पोरगं मुख्याध्यापकांकडे बघत राहिलं.

मुलांचा कार्यक्रम उरकल्यावर सायकलींच्या शेडपाशी मला तिचे वडील दिसले. इस्त्रीचा सदरा घातलेला, खुशीत असलेला माणूस.

“मस्त वाजवली वं पोरी! म्या डोळे मिटून आयकलं.”

“मी नाई वाजवली, बाबा. पडद्यामांगं एक माणूस व्हता, त्यानं वाजवली.”

ते माझ्याकडे बघू लागले. मी होकारार्थी मान हलवली.

“मंग तुही कुठं हाय?”

तिनं दप्तरातून काढली. दोन सूर लागले न लागले तोच शिपाई धावत आला. साहेबांचा चहा चालला आहे, मुख्याध्यापक म्हणतात आवाज नको.

वडील शिपायावर चिडले नाहीत. “चाल, बाहीर जाऊ,” एवढंच म्हणाले.

फाटकाबाहेर बसथांब्यावर तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मी शेजारी उभा राहिलो. चढ्या सुरापाशी ती अडली, बोट सरकवलं, पुन्हा पहिल्या सुरावर आली. तेवढ्यात कोराडीची बस आली. कंडक्टर ओरडला, “चला, कोराडी, कोराडी!” वडिलांना परत रात्रपाळीला लागायचं होतं, हे तिनंच मला सांगितलं होतं.

“बाबा, गाडी,” ती थांबून म्हणाली.

“जाऊ दे तिले. तू वाजव.”

बस गेली. आत लाउडस्पीकरवर आभारप्रदर्शन चाललं होतं, मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, साहेबांनी अमूल्य वेळ दिल्याबद्दल साहेबांचे. वडील थोडे वाकून, कान तिच्याकडे करून ऐकत होते. तो सूर तिला चौथ्या खेपेलाही नीट लागला नाही. तिनं बासरी फ्रॉकला पुसली आणि पुन्हा ओठांना लावली.