खोलीतला समुद्र

समुद्राला आमच्या आतेभावाइतकं कोणी ओळखत नसेल, आणि त्यांच्याइतक्या उशिरा कोणी तो पाहिलाही नसेल. सालेकशाजवळ धानाच्या बांध्यांत वाढलेले आमचे दादा दूरच्या एका शहरात नौदलासाठी काम करीत. डोलणाऱ्या जहाजाच्या डेकवर नवं हेलिकॉप्टर उतरायचं असलं, की ते आधी दादांच्या खोलीत उतरे. खोट्या कॉकपिटमध्ये खरा वैमानिक बसे, समोरच्या पडद्यावर जहाज हेलकावे खाई, आणि कोणत्या वाऱ्यात उतरणं जमेल, कोणत्यात जिवावर बेतेल, हे दादा ताडून ठेवीत. मग खऱ्या समुद्रावर शंकेच्या तेवढ्याच चाचण्या उरत.

जहाज कितीही डोललं तरी मध्येच क्षणभर स्थिरावतं. त्या क्षणाला दादा 'उसंत' म्हणत. हेलिकॉप्टरनं तेवढ्यात टेकायचं. हा शब्द त्यांच्या अंगात असा मुरला, की सुट्टीत आमच्याकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातही ते पिशवी उघडी धरून गर्दीच्या कडेला उभे राहत. भाजीवाली विचारी, "काऊन उभे राहिले जी? वांगे घेता का फोटू काढता?" "उसंत पाहून राहिलो, बाई." वहिनी रागावल्या, की दादा मुकाट त्यांच्या श्वासावर नजर ठेवीत, आणि श्वास घ्यायला त्या थांबल्या रे थांबल्या, की चटकन "चाय?" एवढंच टेकवीत. "माझ्यावर उतरवू नोका तुमचं हेलिकॉप्टर," वहिनी म्हणत, आणि चहा ठेवीत.

दादांची इच्छा एकच होती: खरं उतरणं एकदा डोळ्यांनी पाहायचं. निवृत्तीच्या तोंडावर जहाजावरून बोलावणं आलं. पोटाला सवय व्हावी म्हणून ते गावच्या तलावात ढिवराच्या मासेमारीच्या डोंग्यात जाऊन बसले. पाणी ताटातल्या वरणासारखं निवांत. तरी दोन हेलकाव्यांत दादा पांढरेफटक. ढिवर काळजीनं म्हणाला, "दादाजी, डोंगा अजून खुट्यालेच बांधून आहे."

तरी गेले. परतले तेव्हा आम्ही सगळे ओसरीत जमलो होतो. "पाह्यलं काय?" वहिनींनी विचारलं. दादा चष्मा पुसू लागले. "ते उतरलं तवा माझं तोंड बादलीत होतं," ते म्हणाले. "पण आयकलं ना. घरघर आली, जराशी डोक्यावरच थांबली, मंग चाकं टेकले. खोलीत टेकत, अगदी तसेच. मंग पोरं टाळ्या वाजवून राहिले होते." आणि स्वतःच एवढे हसले की आम्हालाही हसावं लागलं.

पुन्हा जायचं ठरलं होतं. त्याआधीच आजारपण आलं, आणि या उन्हाळ्यात दादा गेले.

आता वहिनी तांदूळ निवडता निवडता मध्येच म्हणतात, "भाऊजी, तो जहाजावरचा दिवस सांगा न जी." दादांनी सांगितला तसाच मी सांगतो: वारा, घरघर, टाळ्या. फक्त दर वेळी समुद्र थोडा शांत करत आणतो. कालच्या सांगण्यात दादांनी बादलीतून मान वर केली.