पाळणा बाराव्या दिवशीच

जुन्नरच्या ख्रिस्ती मंडळींनी गेल्या वर्षी नाताळगीतांची सीडी काढली. तिच्यावर एका पाळण्यापुढं ‘पारंपरिक’ असं छापलंय. वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, पारंपरिक कसलं? तो रचणारी द्रौपदाकाकू निरगुडसरला माझ्या शेजारी राहते आणि आजही माझ्या चहाला नावं ठेवते. तो पाळणा नाताळानंतर बाराव्या दिवशीच का म्हणतात, हेही तिथल्या तरुण पोरांना ठाऊक नाही.

घर बौद्धांचं, पण बारसं गावात कुणाच्याही घरी असो, पाळणा म्हणायला काकूच. भीमजयंतीला तर तिच्यावाचून पान हलायचं नाही. बाळाच्या आजोळाचं नाव गुंफून ती उभ्या उभ्या कडवं रचायची.

एकाच बारशाला ती गेली नव्हती, सख्ख्या नातवाच्या. लेक प्रज्ञानं पारगावच्या साखर कारखान्यातल्या मुलाशी स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि काकूच्या नवऱ्यानं, सोपानकाकांनी, लेकीचं नाव टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तिचं सासरी झालं. बारसंही तिकडंच उरकलं. पारगाव जवळच, पण काकांनी काकूला शपथ घातलेली. गावच्या पोरांचे पाळणे म्हणणारी ही बाई स्वतःच्या नातवाचं तोंड बघायला तडफडत होती. मला काकांचा भयंकर राग यायचा. काकूचाही यायचा, निमूट ऐकून घेते म्हणून.

२००२ च्या नाताळात सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुवार्ताबाईंनी आपल्या क्वार्टरवर प्रार्थना ठेवली. जुन्नरहून त्यांची माणसं आली, शेजारी म्हणून आम्हीही गेलो. कोपऱ्यात गवताचा गोठा, मरिया, योसेफ आणि छोट्या पाळण्यात येशूबाळ. पाळकसाहेबांनी जन्माची गोष्ट सांगितली. मग सुवार्ताबाईंनी काकूला एक पाळणा म्हणायचा आग्रह केला.

काकूनं साफ नकार दिला. आज जन्मलेल्या पोराचा पाळणा आजच कुठं म्हणतात? बारावा दिवस उजाडू दे. वर घरधनिणीलाच फैलावर घेतलं. शेगडी कुठं आहे, बाळंतिणीला शेक नको का, ओल्या अंगाच्या बाईला अशी वाऱ्यावर का बसवलीय? पाहुण्यांना हसू आवरेना. मीही हसले. काकूला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. ती पाळकांकडं वळली.

“पोटुशी पोर एवढ्या लांब कशापायी न्हेली? पयलं बाळंतपण माहेराला करत्यात. तिचा बाप कुठं व्हता?”

पाळक गोंधळले. शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही, म्हणाले. सोपानकाका दाराशीच बसले होते. आम्ही शेजारणींनी माना खाली घातल्या.

बाराव्या दिवशी काकू कुंची, घुगऱ्या आणि डिंकाचे लाडू घेऊन हजर झाली. तिच्या शब्दाखातर सुवार्ताबाईंनी गोठा तसाच ठेवला होता आणि जुन्नरची माणसंही पुन्हा आली होती. काकूनं बाळाला कुंची बांधली, दोरी हातात घेतली आणि म्हणायला लागली. मेंढरं वळणारे आले, लांबून शहाणी माणसं आली, सगळ्यांची कडवी झाली. मग तिनं आवाज खाली घेतला.

परक्या गोठ्यात लेक बाळंतीण झाली,
माहेराची वाट बघून रात सरली.
बाप कुठं अडला, उंबरा ओलांडेना,
नातवाला बघाया पाऊल उचलेना.

कडवं मरियेचं होतं, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. आजही दाराशी बसलेले सोपानकाका उठले आणि पाळणा चालू असतानाच निघून गेले. काकूनं दोरी सोडली नाही. आता घरी गेल्यावर हिचं काय होणार, याची मला मात्र धास्ती.

काहीच झालं नाही. मग एका सकाळी काका न सांगता एसटीत बसले आणि दुपारी जीपमधून उतरले ते नातवाला खांद्यावर घेऊन. मागून प्रज्ञा उतरली.

सात महिन्यांचा समाधान. त्याचं नाव ठेवून झालेलं, घुगऱ्या वाटून झालेल्या. तरी काकूनं माझ्याकडचा पाळणा मागवला आणि पोराला त्यात घातला. त्याचे पाय बाहेर येत होते, तो सारखा उठून बसायला बघत होता. काकूनं दोरी धरली, तोंड उघडलं, पण तिच्याच्यानं एक ओळ म्हणवेना. नुसती रडत राहिली. प्रज्ञाही रडत होती. सुरुवात कुणी करायची म्हणून आम्ही बायका एकमेकींकडं बघत राहिलो.

आमच्याकडं पुरुष पाळणा म्हणत नाहीत. सोपानकाका पुढं आले, बायकोच्या हातातली दोरी घेतली आणि घोगऱ्या, बेसूर आवाजात म्हणायला लागले. मधूनच उठून गेलेला माणूस. त्यांना एकच कडवं येत होतं, बापाचं.