‘फॉरएव्हर’वर ठेवलेलं बोट

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. आज लिहूनच उठणार आहे.

सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये मी कारकून होतो आणि तो, खानदेशातून आलेला एक कामगार, रंग कालवायचा. चहाच्या सुट्टीत कोपरापर्यंत निळे हात घेऊन यायचा. “भाऊ, एक इंग्रजी शब्द द्या.” ‘कायमचं’ सांगणारे शब्द त्याला फार आवडायचे. ऑलवेज, परमनंटली, फॉरएव्हर त्याने माझ्याकडून लिहून घेऊन घोकले होते. “फॉरएव्हर पक्का रंग. ऑलवेज दोन धुण्यात जाईल,” म्हणून हसायचा.

युनियनची कुजबुज सुरू झाली आणि त्यात त्याचं नाव आलं, तेव्हा शेठने माझ्याकडून त्याच्या नावाचा इंग्रजी कागद टाइप करून घेतला: मी स्वखुशीने काम कायमचं सोडत आहे. सही करताना तो थांबला. एका शब्दावर बोट ठेवून आपल्या अहिराणीत म्हणाला, “भाऊ, आठे फॉरएव्हर लिखेल शे ना?”

शेठ समोरच बसला होता. मी म्हणालो, “हजेरीचा कागद आहे. कर सही.”

“तुम्ही सांगतस ना, मंग बराबरच शे.”

दुसऱ्या दिवशी त्याला फाटकातच अडवलं.

महिन्याभराने मी नवागामला त्याच्या खोलीवर गेलो. त्याने चहा दिला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. ‘मी खोटं बोललो, माझं चुकलं,’ एवढंच मला म्हणायचं होतं. मी कप खाली ठेवला, “येतो” म्हणालो आणि निघालो.