मागून ओळ उचलणारी

आमच्या करावे गावात हळदीला धवले म्हणायची रीत आहे. विधी चालू असताना हे गाणं म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ती मी. मी ओळ सोडायची, धाकट्या जावेने मागून उचलायची, तेवढ्यात मी श्वास घ्यायचा. एकटीने धवला निभत नाही, दम तुटतो.

मागच्या वर्षी शेजारच्या सीवूड्सच्या सोसायटीतल्या, गाणं शिकवणाऱ्या एक बाई घरी आल्या. त्यांच्याकडे शाळेच्या मुली आणि सोसायटीतल्या बायका मिळून गातात. त्यांना कार्यक्रमात धवला हवा होता. आम्ही दोघी पुढे, त्यांची मंडळी मागे. "आजी, सुरुवात तुम्हीच करायची," बाई म्हणाल्या. मला आवडलं. गावाबाहेर मला कोणी कधी गायला बोलावलं नव्हतं.

बाईंनी पेटीवर गाणं बांधलं. एका रांगेने नुसता खालचा सूर धरायचा, दुसरीने जावेबरोबर ओळ उचलायची, लहान मुलींनी तीच ओळ उंच आवाजात म्हणायची. पहिल्यांदा वाटलं, मच्छीबाजार भरलाय. मग कान सरावला. चांगलं होतं ते.

अडचण माझी. हळद रंगत जाते तसा माझा सूर चढत जातो. लग्नात ते चालतं. इथे खालची रांग एका जागी बसलेली आणि मी कुठच्या कुठे. बाई म्हणायच्या, "बघू आजी, जमवू."

एका संध्याकाळी सरावाला गेले तर आत गाणं सुरू झालेलं. ओळ माझी, आवाज जावेचा. बाई थांबल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला दम लागतो म्हणून तुम्हीच यांना पुढे व्हायला सांगितलंत ना?"

मी जावेकडे पाहिलं. ती पदर सारखा करत होती. लोकांसमोर घरचं काढायचं नाही. घरी जाताना रस्त्यात विचारलं.

"मी कधी सांगितलं गो तुला?"

"ताय, तुजा सूर चढतो. बाईला तुज्या तोंडावर बोलवत नवतं."

"मग तू मला बोलायचंस."

"तू आयकली असतीस?"

"नाय."

"मंग?"

"मंग माझ्या नावावर खोटं कशाला बोललीस?"

"जन्मभर तुज्या मागंच बसू काय?"

एवढ्या लग्नांत ती हे पोटात ठेवून माझ्या मागे बसली होती. मी त्याला माया समजत होते.

कार्यक्रमाला मी गेले, ऐकणाऱ्यांत बसले. जाऊ कुठेही चुकली नाही. वाईट गायली असती तर मला झोप तरी लागली असती.

पुढे आमच्याच आळीत एका मुलीची हळद निघाली. जाऊ दारात आली.

"चल ताय, हळद खोळंबलीय."

"तुजी मंडळी हाय ना? ती घेऊन जा."

"मस्करी नको करू. पोरीचं कार्य हाय."

"मग हो ना पुढे."

"आनी मागं कोन?"

"मी नाय."

ती गेली. तिने एकटीनेच सुरू केलेलं मला घरात ऐकू आलं. मग आवाज थांबला आणि डीजे लागला.

गाव म्हणतं, म्हातारीने जावेचा राग पोरीच्या हळदीवर काढला. म्हणू दे. जाऊ समोरून आली तर मी रस्ता बदलत नाही. ती बदलते.