चार पाट्या आणि येसूकाकीचा माड

शिवा बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. १९८६ साली तो कायमचा पूर्णगडला परतला, कारण त्याच्या बायकोला, मालनला, मधुमेहामुळे रोज इन्सुलिन टोचावे लागे. आमच्या वाडीत विजेचे खांब अजून आले नव्हते. मालन औषधाच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवी. एका वैशाखात उकाड्याने ते औषध नासले आणि तिला बेशुद्ध अवस्थेत रत्नागिरीला न्यावे लागले. तेव्हापासून शिवाने मडक्याची धास्ती घेतली.

पुढल्या उन्हाळ्यात त्याने मुंबईहून एक लहान फ्रिज, ट्रकच्या दोन बॅटऱ्या, सोलरच्या चार पाट्या आणि बोटीवरचा जुना इन्व्हर्टर आणला. पाट्या बारा व्होल्टच्या, इन्व्हर्टर चोवीसचा. म्हणून दोन-दोन पाट्यांची जोडी करायची, बारा आणि बारा चोवीस. छपराचा एकच कोपरा फणसाच्या सावलीबाहेर होता. तिथे त्याने दोन पाट्या वर आणि दोन खाली बसवल्या. तार कमी लागावी म्हणून प्रत्येक वरची पाटी तिच्या खालचीला जोडली.

फ्रिज चालू झाला. शिवा तासातासाला दार उघडून बाटल्यांना हात लावी.

"माझ्यापरीस त्या कपाटाकडं जास्त बघता तुमी," मालन म्हणाली.

"तू बिघडलीस की बोलून दाखवतेस. ते मुकाट बिघडतं."

"मग सारखं दार उघडून त्याला ऊन दावू नका!"

दिवाळी झाली आणि बॅटऱ्या पुऱ्या भरेनाशा होऊन भर दुपारीही फ्रिज बंद पडू लागला. शिवाने मला हाक मारली, "गुरुजी, जरा वर या." शेजारच्या येसूकाकीच्या माडाची सावली नेमकी खालच्या दोन पाट्यांवर पडली होती. जोखडातला एक बैल बसला की दुसरा जागचा हलत नाही, तसे झाले होते. दोन्ही जोड्यांत एकेक पाटी सावलीत, म्हणून चारही निकामी.

त्याने त्याच दिवशी तारा बदलल्या. वरच्या दोघींची एक जोडी, खालच्या दोघींची दुसरी. वरची जोडी ऊन घेऊ लागली. वीज निम्मी झाली, म्हणून घरातला दिवा त्याने काढून टाकला. फ्रिज मात्र चालला.

पण सूर्य दक्षिणेकडे कलतच होता आणि सावली वर सरकत होती. शिवाने माझ्याकडून खडू नेला. रोज दुपारी तो सावलीच्या टोकाशी रेघ ओढी आणि तोंड उतरवून खाली येई.

"गुरुजी, सूर्य मागं कधी फिरतो?"

"बावीस डिसेंबरला."

"तवर ही वर चढली तर?"

माड तोडा असे येसूकाकीला सांगण्याची छाती वाडीत कुणाची नव्हती. शिवाने एकदा कुंपणाशी उभे राहून विषय काढला, तर म्हातारी कडाडली, "मेल्या, माझा माड आधीचा की तुझी काचेची पाटी? आपली पाटी हलव!"

"कुठं हलवू, काकी? बाकी सगळ्या छपरावर फणसाची सावली हाय."

"मग फणस तोड."

"फणस मालनच्या बापानं लावलाय."

"आणि माझा माड काय सरकारनं लावला?"

शिवा मान खाली घालून परतला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खडूची रेघ वरच्या पाट्यांच्या चौकटीला टेकली. त्या रात्री तो जेवला नाही. उरलेल्या बाटल्या परत मडक्यात ठेवाव्या लागतील, एवढेच तो म्हणाला. मालनने कोपऱ्यातले जुने मडके घासून पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडावरून धप्प, धप्प आवाज आले. येसूकाकीने पाडेकऱ्याला चढवला होता आणि स्वतः खाली उभी राहून ओरडत होती, "ती उत्तरेकडली झावळी पण काढ रे! सुकल्यायत सगळ्या!"

दुपारी शिवा खडू घेऊन वर चढला. वरच्या पाट्या लखलखीत उन्हात होत्या. खाली उतरून त्याने फ्रिजमधली एक बाटली काढली आणि मालनच्या गालाला टेकवली. ती दचकली, मग हसली.

संध्याकाळी मी येसूकाकीच्या अंगणातून गेलो. पाडलेल्या झावळ्या पडल्या होत्या. एकही सुकलेली नव्हती.