अंगठे झिजलेल्या बायकांची गौरम्मा

सोलापूरच्या पूर्व भागात माझं रेशनचं दुकान आहे. गौरम्माला मी नीट ओळखायला लागलो ते दुकानात अंगठ्याचं मशीन आल्यावर. त्याआधी ती रांगेतली एक बाई होती. साठीची, घरात तेलुगू बोलणारी, चाळीस वर्षं विड्या वळलेली.

विड्या वळून वळून अंगठा गुळगुळीत होतो, रेषाच उरत नाहीत. मशीन म्हणतं, जुळत नाही. गौरम्मालाही मी परत पाठवलं. ती भांडली नाही. दुकानाबाहेर बसून अजून कोणकोण परत जातंय ते दिवसभर बघत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "अण्णा, माझ्यासारख्या अजून सात जणी हायत. सगळ्या विडीवाल्या."

कचेरीत अर्ज केला की अंगठ्यातून सूट मिळते, हे तिनं विचारत विचारत शोधून काढलं. स्वतःची सूट मिळवायला दोन महिने गेले. खेपा घालताना कुठलं टेबल, कुठला कागद, सगळं तिनं डोक्यात ठेवलं. मग म्हणाली, "आता एकेकीला नेते. आधी नरसम्मा."

नरसम्मा गौरम्माच्याच गल्लीतली, पंच्याहत्तरीची, एकटी. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला. तीन महिने तिचं धान्य अडकलेलं. गौरम्मा आपल्या घरातला भात तिला नेऊन द्यायची, पण घरात सून आणि तीन नातवंडं. पातेलं केवढं असणार?

एकदा गौरम्मा दुकानात आली. "अण्णा, नरसम्माचा तांदूळ आलाय की. पोती दिसतायत मला. माझ्या भातानं म्हातारीचं भागत न्हाय. द्या."

"मशीनवर नोंद झाल्याशिवाय देता येत नाही. लायसन जाईल माझं."

"मग माझ्या वाट्यातला द्या."

"तुझा या महिन्याचा तू नेलायस."

पोत्यांकडे एकदा बघून ती निघून गेली. तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. मी नियमानं वागलो होतो.

सोमवारी ती नरसम्माला रिक्षात घालून कचेरीत घेऊन गेली. दुसऱ्या मजल्यावर टेबल. जिना चढवेना म्हणून तिनं म्हातारीला पाठीवर घेतलं. दुपारपर्यंत दोघी बसून. मग तिथले क्लार्क अनिलकुमार म्हणाले, "सर्व्हर बंद आहे. गुरुवारी या."

बुधवारी सकाळी गौरम्मा चहा घेऊन गेली तेव्हा नरसम्मा उठलीच नाही.

कळल्यावर मीही गेलो. नरसम्माचं घर आवरताना फळीवर गौरम्मानं दिलेला भाताचा डबा सापडला. आत काही नव्हतं. शेजारीण म्हणाली, नरसम्मा रोज गौरम्माच्या लहान्या नातवाला हाक मारायची आणि त्या डब्यातला भात त्यालाच खाऊ घालायची. गौरम्माला सांगायची, जेवले मी. ते ऐकून गौरम्मा भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

संध्याकाळी मुलगा आला. रडत विचारू लागला, "अम्माला काय झालं होतं?" गल्लीतले सगळे जमले होते. मीही तिथंच उभा होतो. गौरम्मानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याला म्हणाली, "ताप आला होता रे. एका रात्रीचा."

गुरुवारी ती कचेरीत एकटीच गेली. अनिलकुमारांना म्हणाली, "साहेब, नरसम्मा येणार न्हाय. बाकीच्या सहा जणींना मी जिन्यावरून आणणार न्हाय. तुमी गल्लीत या." शनिवारी ते लॅपटॉप घेऊन आले आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सहाही जणींचं काम एका दुपारीत झालं. जे आधीही एका दुपारीत होण्यासारखं होतं.

पुढच्या महिन्यात त्या सहा जणींना मी माझ्या हातानं धान्य मोजून दिलं. गौरम्मा शेवटी थांबली. मी विचारलं, "त्या पोराला भुकेचं न सांगता ताप म्हणून का सांगितलंस?"

"त्यो लांब होता, अण्णा. त्याला ठाऊक नव्हतं. जन्मभर जळला असता."

"आणि मी?"

तिनं पिशवी उचलली. "तुमाला ठाऊक होतं की."

एवढंच बोलून ती उन्हात निघून गेली.