पॅलेडियमवरचं कुंकू

भूषण आमच्या धुळ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो. केस पिकले, पीएच.डी. मात्र कच्चीच. विषय विचारला की आधी उसासा टाकतो, मग सांगतो. रावेरकडे केळी पिकवायच्या खोल्यांत इथिलीन वायू किती साठला, ते ओळखणारा सेन्सर. केसाहून कितीतरी बारीक अशा झिंक ऑक्साइडच्या तारा आणि त्यांच्यावर पॅलेडियमचा मुलामा. नुसत्या तारा आळशी, भरपूर तापवल्याशिवाय हलत नाहीत. मुलामा दिला की थोड्याच उष्णतेवर वायू झटकन पकडतात. पण तो जाड झाला की तार मुकी, विरळ झाला तर दिला काय नि न दिला काय. या खटपटीत गड्याची उमेदीची वर्षं गेली.

यंदा एकदाची या तारांची जाळी जमली. ती महिनाभर अखंड चालली की गाइड सही करणार होते. मुदतवाढही शेवटची, दिवाळीपर्यंतची. दसऱ्याच्या सुटीत कॉलेजला कुलूप, म्हणून त्याने सगळं चालू ठेवूनच घरी आणलं आणि लॅपटॉपला जोडलं. महिना भरत आला होता.

खंडेनवमीला मी त्याच्याकडे जेवायला गेलो. पाटावर त्याच्या सुतार वडिलांचा रंधा, करवत, पटाशी मांडलेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची आई झुंबरबाई पूजा चुकवत नाही. भूषण दही घेऊन आला, त्याने चप्पल काढता काढता स्क्रीनकडे पाहिलं आणि तसाच खाली बसला. आलेखाची रेघ सपाट झाली होती.

सेन्सरची डबी पाटावर रंध्याशेजारी होती, झाकण उघडं. आत, थेट तारांवर, ओल्या कुंकवाचं बोट. डबीवर लावलं असतं तर निभावलं असतं. पण हत्याराची पूजा कुणी म्यानावर करतं का? आता नवी जाळी, पुन्हा महिना, आणि दिवाळी त्याच्या आधीच.

मला संताप आवरेना. "अक्का, हे काय करून बसलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. लेकाला म्हणाल्या, "बठ्ठा हत्यारसले कुकू लायं, भाऊ. इतला वरीस पाटवर ठेवाले तुनं काहीच नव्हतं."

मी वळून पाहिलं. भूषणचा चेहरा इतका थकलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"चालस ना ते?" त्यांनी विचारलं.

"चालस, माय," तो म्हणाला आणि नारळ फोडायला उठला.